चुना : भट्टीतला, भिंतीतला आणि डबीतला

चुन्याच्या बाबतीत मराठी भाषा काहीशी कृतघ्न आहे, असे म्हणावयास हरकत नाही. कोणी कोणाची फसवणूक केली की 'त्याने चुना लावला' असे आपण सहज बोलून जातो. वस्तुतः ज्या पदार्थाने आपल्या गडकोटांचे तट, गावोगावचे वाडे, नदीकाठचे घाट आणि विहिरींची बांधकामे शतकानुशतके एकसंध राखली, त्याच्याच नावाने फसवणुकीचा वाक्प्रचार रूढ व्हावा, ह्यात थोडा अन्यायच आहे. शाळेने तरी त्याची भरपाई करावी. पण तिथेही चुन्याच्या वाट्याला दोन ओळी येतात. चुन्याच्या निवळीत कार्बन डायऑक्साइड वायू सोडला असता ती दुधाळ होते, हे विद्यार्थी पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. त्याच विद्यार्थ्याच्या घरी आजोबांच्या चंचीत चुन्याची डबी असते, दिवाळीपूर्वी परसातल्या बादलीत चुना भिजत पडलेला असतो, खेळाच्या मैदानावर चुन्याची फक्की मारलेली असते. पण पुस्तकातला चुना आणि हा चुना एकच आहे, असे त्याला कोणी सांगत नाही.

गवंडी, पानवाला, गुऱ्हाळावरचा गुळव्या ह्यांच्या हातांतले ज्ञान एकीकडे आणि फळ्यावरचे समीकरण दुसरीकडे, अशी ही फारकत आहे. ती केवळ शिक्षणपद्धतीतील एक उणीव असती, तर तिच्यासाठी वर्तमानपत्राची एवढी जागा अडविण्याचे कारण नव्हते. तिची किंमत आपण प्रत्यक्ष मोजत आहोत. जुन्या इमारतींच्या भिंतींत मोजत आहोत आणि, त्याहून गंभीर म्हणजे, लहान मुलांच्या डोळ्यांत मोजत आहोत.

दगडाने गमावलेले वजन

चुना मिळतो तो चुनखडीपासून. सह्याद्रीचा आणि दख्खनच्या पठाराचा काळा कातळ लाव्हारसाचा असल्याने त्यात चुनखडीचे थर नाहीत. देशावरच्या कारागिरांनी काळ्या मातीत सापडणारे चुनखडीचे खडे वेचले आणि कोकणातल्यांनी समुद्राने किनाऱ्यावर टाकलेले शिंपले भाजले. दोन्हींचा रासायनिक पिंड एकच, कॅल्शियम कार्बोनेट. मुंबईची चुनाभट्टी आज केवळ रेल्वे स्थानकाचे नाव म्हणून ठाऊक असली, तरी भट्टीत घडणारी क्रिया विचार करण्याजोगी आहे. सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाला हा दगड आपल्यात कोंडलेला वायू सोडून देतो. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली तर मागे उरतो फक्त छप्पन्न किलो कळीचा चुना. चव्वेचाळीस किलो दगड अक्षरशः हवेत जातो.

आज ही गोष्ट साधी वाटते. पण अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत विद्वानांची समजूत नेमकी उलट होती. सौम्य, निरुपद्रवी दगड भट्टीतून बाहेर पडतो तो जिभेला भाजणारा, कातडी खाणारा होऊन; तेव्हा त्याने अग्नीतून काहीतरी दाहक द्रव्य शोषून घेतले असले पाहिजे, असा तर्क होता. एडिंबरोत त्या वेळी मुतखड्यावर चुन्याची निवळी गुणकारी आहे काय, आणि असल्यास ती शिंपल्यांच्या चुन्याची घ्यावी की दगडाच्या, ह्यावर दोन प्राध्यापकांत वाद पेटला होता. जोसेफ ब्लॅक ह्या तरुण वैद्यकाच्या विद्यार्थ्याने त्या वादात न पडता मॅग्नेशियावर काम सुरू केले, पुढे चुन्याकडे वळला, आणि १७५६ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याचे मुख्य हत्यार तराजू हे होते. भाजलेला दगड जड व्हायला हवा होता, तो हलका झाला. म्हणजे त्याने काही मिळविले नव्हते, गमावले होते. जे गमावले त्याला ब्लॅकने 'बद्ध हवा' म्हटले. तीच पुढे कार्बन डायऑक्साइड ठरली. माणसाच्या उच्छ्वासातही ती असते, हे त्याने चुन्याच्या निवळीत फुंकूनच दाखविले. आपल्या पाठ्यपुस्तकातील ती दोन ओळींची कृती म्हणजे रसायनशास्त्राच्या इतिहासातील एक मोठे वळण आहे. पण विद्यार्थ्याला ती एक 'परीक्षा' म्हणून भेटते, शोध म्हणून नव्हे.

कळीच्या चुन्यावर पाणी ओतले की तो फणफणतो, फुगतो, वाफा सोडतो आणि पीठ होऊन पडतो. जाळाशिवाय पाणी उकळताना पाहणे हा चमत्कारच वाटतो. एक किलो शुद्ध कळीचा चुना विरताना जी उष्णता बाहेर पडते, ती तीन लिटरहून अधिक पाणी नेहमीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्यास पुरेशी असते. ही उष्णता कोठून आली? भट्टीतल्या लाकूड-कोळशाने दगड फोडण्यासाठी जी ऊर्जा खर्ची घातली होती, तिचाच एक भाग पाण्याशी संयोग होताना परत मिळतो. हाच कळीचा चुना ज्वालेत तापवला असता डोळे दिपविणारा शुभ्र प्रकाश देतो. विजेचे दिवे येण्यापूर्वी युरोपातील रंगभूमीवर नटावर झोत टाकला जाई तो ह्याच प्रकाशाचा, आणि 'लाइमलाइट' हा शब्द तिथूनच जन्मला. कोणी 'लाइमलाइटमध्ये आला' असे आपण म्हणतो तेव्हा तो चुन्याच्या उजेडात आला एवढाच त्याचा मूळ अर्थ. एका भाषेत चुना फसवणुकीचा आणि दुसरीत प्रसिद्धीचा. दोहोंतले अंतर पुष्कळ वेळा फार नसते, हा भाग वेगळा.

भिंतीतले सावकाश काम

विरलेला चुना वाळूत कालवून दगडांमध्ये भरला की तो सुकून घट्ट होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धवट आहे. नुसते पाणी उडून गेले तर चुन्याचे पीठ होईल, दगड होणार नाही. चुना कठीण होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा पिऊन. हवेच्या दर दहा हजार भागांत ह्या वायूचे जेमतेम चार भाग असतात. ते बाहेरून आत, कणाकणाने झिरपणार. जाड तटबंदीच्या पोटापर्यंत ही क्रिया पोहोचण्यास वर्षानुवर्षे लागतात. भट्टीत जो वायू सुटून गेला, तोच भिंतीत परत येतो आणि दगडाचा पुन्हा दगड होतो. ह्या क्रियेला थोडा ओलावाही लागतो. म्हणून जाणता गवंडी नव्या गिलाव्यावर पाणी शिंपडीत राहतो; गिलावा लवकर वाळू देणे हा त्याच्या मते आळस आहे.

अनेक किल्ल्यांवर आजही चुन्याच्या घाण्याचे वर्तुळाकार चर आणि त्यातले दगडी चाक पडलेले दिसते. सहलीला आलेली मुले त्यावर बसून छायाचित्रे काढतात. बैल जुंपून ह्या घाण्यात चुना, वाळू, विटांची सुरखी तासन्‌तास मळली जाई. त्यात गुळाचे पाणी, हिरड्याचा काढा, उडदाचे पाणी घालण्याच्या रीती होत्या. त्यांना अडाणी कारागिरांचे टोटके समजण्याचे कारण नाही. भाजलेल्या मातीतील सिलिका आणि ॲल्युमिना चुन्याशी संयोग पावतात आणि पाण्याखालीही घट्ट होणारे मिश्रण तयार होते. सुरखी हे करते. गुळातील साखरेमुळे चुना पाण्यात अधिक विरघळतो. रोमन लोकांनी सुरखीचे काम ज्वालामुखीच्या राखेकडून करवून घेतले. त्यांच्या काँक्रीटमध्ये सापडणाऱ्या चुन्याच्या पांढऱ्या गुठळ्या म्हणजे कालवण्यातील हलगर्जीपणा, असे दीर्घकाळ मानले जात होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील संशोधकांनी २०२३ च्या जानेवारीत निराळा विचार मांडला : कळीचा चुना तापत असतानाच मिश्रणात घातल्याने ह्या गुठळ्या राहतात, आणि पुढे भेगेत पाणी शिरले की त्यांतला चुना विरघळून भेग बुजवितो. ज्याला आपण कारागिराचा दोष समजत होतो ती कदाचित त्याची युक्ती होती.

सिमेंटची गोष्ट अगदी वेगळी आहे. १८२४ मध्ये जोसेफ ॲस्पडिन ह्या इंग्रज गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. आजचे सिमेंट त्याच्याही पुढे गेले आहे. ते हवेसाठी थांबत नाही. पाण्याशीच संयोग पावून काही तासांत आवळते आणि काही दिवसांत पोलादासारखे टणक होते. नव्या बांधकामाला हा गुण वरदानच ठरला. परंतु चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीवर जेव्हा 'मजबुतीसाठी' सिमेंटचा जाड गिलावा चढविला जातो, तेव्हा त्याच गुणाचा दोष होतो. जुनी भिंत जमिनीतला ओलावा शोषते आणि सच्छिद्र चुन्यातून तो बाहेर टाकते. सिमेंटने ही वाट बंद केली की पाणी आतच कोंडते, त्यातील क्षार गिलाव्यामागे स्फटिकरूप धारण करतात, आणि स्फटिक वाढताना विटेचा, नरम दगडाचा पापुद्रा सुटतो. चार-दोन पावसाळ्यांनंतर गिलावा पडतो तो विटेचा चेहरा बरोबर घेऊन. शिवाय जुना चुना दगडाहून मऊ असतो. भिंत किंचित हलली तर तडा चुन्यात जातो, दगड वाचतो. सिमेंट दगडाहून कणखर असले की तडा दगडात जातो.

वारसा-जतनाचे काम करणारे जाणकार हे दीर्घकाळ सांगत आले आहेत, आणि जिथे त्यांचे ऐकले गेले तिथे चुन्यातच दुरुस्त्या झाल्या आहेत. पण गावचे देऊळ, तालुक्याची जुनी शाळा, वेशीची कमान ह्यांच्या जीर्णोद्धाराचा निर्णय जाणकार घेत नाहीत. तो विश्वस्त, सरपंच, मुख्याध्यापक आणि कंत्राटदार घेतात. ह्यांपैकी प्रत्येकाने शाळेत चुन्याच्या निवळीचा प्रयोग केलेला किंवा निदान पाठ केलेला असतो. भिंतीतला चुना आणि काचनळीतला चुना एकच आहे, एवढे जरी त्या वेळी सांगितले गेले असते, तरी कित्येक देवळांचे सभामंडप वाचले असते. हे म्हणणे थोडे अतिशयोक्तीचे वाटेल. मला ते तसे वाटत नाही.

फुंकत राहावे

निवळीच्या प्रयोगाबद्दलच आणखी सांगावयाचे, तर तो आपण अर्ध्यावर सोडतो. नळीने फुंकले, निवळी दुधाळ झाली, सिद्धता झाली, घंटा वाजली. शिक्षकांनी विद्यार्थ्याला आणखी काही मिनिटे फुंकत राहण्यास सांगावे. ते दूध हळूहळू निवळू लागेल. जादा वायूमुळे न विरघळणाऱ्या कार्बोनेटचे विरघळणारे बायकार्बोनेट होते. चुनखडीच्या डोंगरांत गुहा कोरल्या जातात त्या ह्याच क्रियेने. ते स्वच्छ झालेले पाणी तापवले की वायू निघून जातो आणि गढूळपणा परत येतो. घरी पाणी तापवण्याच्या बंबात, हंड्याच्या तळाशी जी पांढरी खपली धरते, ती ह्याच जातीची. एका काचनळीत गुहा आणि बंब दोन्ही दाखविता येतात. खर्च काही नाही.

दुसरी एक गंमत. साखर गरम पाण्यात अधिक विरघळते, मीठही किंचित अधिक विरघळते. चुना मात्र उलट वागतो. एक लिटर थंड पाण्यात तो जेमतेम पावणेदोन ग्रॅम विरघळतो, आणि उकळत्या पाण्यात त्याच्या निम्म्याहूनही कमी. स्वच्छ, संपृक्त निवळी नुसती तापवली तरी गढूळ होते. 'तापमान वाढले की विद्राव्यता वाढते' हे ठोकळेबाज वाक्य पाठ करणाऱ्या वर्गाला हे जरूर दाखवावे. आणि हे सारे ज्याने फळ्यावर लिहावयाचे, त्या खडूवर लिंबाचे दोन थेंब टाकून पाहावेत. बुडबुडे आले तर तो कॅल्शियम कार्बोनेटचा. न आले तर तो जिप्समचा, म्हणजे खडू ह्या नावाखाली आपण निराळाच पदार्थ हाती धरलेला आहे.

भिंतीला चुना देणाऱ्याला हेही ठाऊक असते की ओला हात मारला तेव्हा भिंत पांढरी दिसत नाही. नवखा माणूस घाबरून दुसरा, तिसरा हात देत सुटतो. चुन्याच्या कणांमध्ये पाणी असते तोवर प्रकाश फारसा न विखुरता आरपार जातो. पाण्याची जागा हवेने घेतली की प्रत्येक कणाच्या कडेवर तो विखुरतो, आणि भिंत शुभ्र होते. त्यात चिमूटभर नीळ घातल्याने चुना अधिक पांढरा होत नाही, उलट भिंतीवरून परतणारा प्रकाश किंचित कमीच होतो. पण पिवळसर झाक मारली जाते आणि डोळा तेवढ्यावर समाधान मानतो. पावसाळ्यानंतर भिंतींवर आलेली बुरशी ह्या जहाल अल्कापुढे टिकत नाही. चुना देण्याची चाल दिवाळीच्या तोंडावर पडली, ती ऋतूला धरूनच आहे.

हळद आणि तंबाखू

अल्क म्हणजे काय, हे समजावून सांगण्यास प्रयोगशाळेतील लिटमस कागदाची वाट पाहण्याचे कारण नाही. लग्नातल्या हळदीचा पिवळा डाग साबण लावताच लाल होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. हळदीतील रंगद्रव्य अल्कात लाल आणि आम्लात पिवळे दिसते. हळदीत चुन्याचे बोट बुडविले की तोच लाल रंग, आणि वर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. दक्षिणेत ओवाळणीसाठी हळद-चुन्याचे लाल पाणी करतात. कोहळ्याच्या फोडी पेठ्यासाठी निवळीत भिजवल्या की पाकातही कुरकुरीत राहतात, कारण चुन्यातले कॅल्शियम फोडीतील पेक्टिनला बांधून धरते. साखर कारखान्यात उसाच्या रसात चुना घालतात तो रसातील आम्लता मारण्यासाठी आणि मळ खाली बसविण्यासाठी. ही यादी लांबविता येईल, पण एका उदाहरणापाशी थांबणे भाग आहे.

कचेरीच्या व्हरांड्यात, बसथांब्यावर, बांधावर माणसे तळहातावर तंबाखू घेऊन तीत चुना मळताना दिसतात. अंगठ्याने मळणे, दोनदा थाप मारून भुकटी उडविणे आणि चिमूट गालात ठेवणे ह्या क्रियेला आपल्याकडे सामाजिकतेचे रूप आलेले आहे. अनोळखी माणसाकडेही चुना मागता येतो. तळहातावर घडत असते ती शुद्ध रासायनिक क्रिया. तंबाखूतील निकोटिन हे पानातील आम्लांशी बांधलेले असते, आणि त्या रूपात ते तोंडाच्या अस्तरातून सहज आत शिरत नाही. चुना त्याला मोकळे करतो. मोकळे झालेले निकोटिन भराभर रक्तात मिसळते, म्हणून चुन्याशिवाय तंबाखू 'लागत' नाही. जोडीला चुना गालाच्या अस्तराला सतत इजा करीत राहतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील २१ टक्क्यांहून अधिक प्रौढ व्यक्ती धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत होत्या. त्यांच्यापैकी किती जणांनी 'आम्ल अधिक आम्लारी' हे समीकरण वहीत लिहून गुण मिळविले असतील, ह्याचा विचार करावा.

पुडीतला चुना

ह्या तंबाखूबरोबर चुना विकला जातो तो प्लॅस्टिकच्या लहानशा पुडीत किंवा नळीत. ती स्वस्त असते, कोठेही पडलेली असते आणि लहान मुलाला खेळण्यासारखी वाटते. मूल ती दाबते, दाताने फोडते. पुडी फुटते आणि आतला चुना थेट डोळ्यात उडतो. अशा दुखापतींची नोंद आपल्या देशातील नेत्रतज्ज्ञांनी वारंवार केलेली आहे, आणि त्यांत लहान मुलांचे प्रमाण लक्षणीय आहे. काहींची दृष्टी कायमची जाते.

आम्लापेक्षा अल्क डोळ्याला अधिक घातक असते, हे पुष्कळांना खरे वाटत नाही, कारण 'ॲसिड' ह्या शब्दाचीच आपल्याला भीती. आम्लाने पेशींतील प्रथिने साकळतात आणि तो साका काही प्रमाणात पुढची वाट अडवितो. अल्क मात्र पेशींच्या आवरणातील स्निग्ध पदार्थांचा साबण करीत आत-आत उतरत जाते. त्यात चुन्याच्या गुठळ्या पापणीखाली अडकून राहिल्या तर त्या तासन्‌तास झिरपत राहतात. चुना अगदी थोडा विरघळतो हे वर सांगितले. इथे तोच गुण शत्रू होतो.

अशा वेळी दोन अर्धवट समजुती आड येतात. चुन्यावर पाणी पडले की तो उकळतो, म्हणून डोळ्यात पाणी घालू नये, ही पहिली. उकळतो तो कळीचा चुना. पुडीतला चुना आधीच विरलेला असतो. बांधकामावरचा कळीचा चुना उडाला असेल, तर चेहऱ्यावरची कोरडी भुकटी प्रथम झटकावी, पण डोळा मात्र भरपूर वाहत्या पाण्यानेच धुवावा. दुसरी समजूत शिकलेल्यांची आहे : आम्लाने अल्काचे उदासिनीकरण होते, तेव्हा लिंबू किंवा व्हिनेगर घालावे. डोळा म्हणजे परीक्षानळी नव्हे; हे कदापि करू नये. तूप, दूध, मध हेही नको.

करावयाचे ते एवढेच. दवाखान्याकडे धाव घेण्यापूर्वी, त्याच क्षणी, जवळच्या नळाचे किंवा तांब्याचे स्वच्छ पाणी डोळ्यावर धरावे. मूल डोळा गच्च मिटून घेईल. एकाने त्याला धरून दुसऱ्याने पापण्या उघडून धराव्यात. वरची आणि खालची पापणी ओढून आत दिसणारे चुन्याचे कण पाण्याच्या धारेने किंवा ओल्या स्वच्छ कापसाने हळुवार काढावेत, डोळा चोळू देऊ नये. किमान पंधरा-वीस मिनिटे पाणी चालू ठेवावे. धुणे चालू असतानाच दुसऱ्या कोणी वाहनाची व्यवस्था करावी, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला गाठावे, आणि फुटलेली पुडी फेकून न देता त्यांना दाखविण्यासाठी बरोबर न्यावी.